तिळाला फुलांच्या जागी पानं

“हे काय आहे, भापकर?” याकोब मास्तरांनी विचारलं आणि मुळासकट उपटलेलं एक झाड माझ्या सायकलच्या हँडलवर आडवं ठेवलं.

झाड तिळाचं होतं. खोड तिळाचं, खालची पानंही तिळाची. पण वर जिथे पांढरी-जांभळट फुलं लोंबायला हवीत, तिथे हिरव्या पानांचे झुपके होते. एक झुपका उलगडून पाहिला. पाकळ्या होत्या, पण हिरव्या. त्यांच्या आत आणखी पानं. ज्या ठिकाणी पुढे बोंड धरतं, तिथून एक इवलासा कोंब डोकं वर काढून माझ्याकडे बघत होता. फुलाच्या पोटातून झाड निघत होतं.

माझी वाचा गेली. आमच्या घराण्यात हा पहिलाच प्रसंग. माझे आजोबा तर वाघाला गप्पा मारून झोपवायचे, असं ते स्वतःच सांगत.

“बोला काहीतरी,” मास्तर म्हणाले. “तुम्ही गप्प बसलात की मला धडकी भरते.”

“अशी किती झाडं आहेत?”

“चला, बघा.”

ही गोष्ट बहात्तर सालची, नेवाशाच्या बाजूची. मी पंचायत समितीत शेतीचा विस्तार अधिकारी होतो. म्हणजे सायकल सरकारी, पंक्चर स्वतःचं. त्या वर्षी मृगात दोन चांगल्या सरी पडल्या, लोकांनी पेरण्या केल्या, आणि पाऊस जो गेला तो पत्ता न ठेवता गेला. ऑगस्टात एप्रिलचं ऊन. आमच्या ऑफिसच्या पत्र्यावर शिपायाने पापड वाळत घातले आणि भाजलेले काढले. त्यातले दोन मी खाल्ले आहेत, त्यामुळे याबद्दल कोणी शंका घेऊ नये.

गावातला सगळा तीळ वीतभर वाढून करपला. वाचला तो एकट्या मास्तरांचा. याकोब मास्तर मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले, वडिलोपार्जित रान कसणारे. त्यांच्या विहिरीला दुष्काळातही पाणी होतं. एरवी तीळ हे कोरडवाहू पीक, त्याला कोणी पाणी देत नाही. पण मास्तरांनी ऊस सोडून तिळाला पाणी दिलं, कारण गावाने त्यांना तसं सांगितलं होतं. गावाचा तीळ जुना, पांढरा, टपोरा. बाजारात तसा मिळत नाही. दरवर्षी घरोघरी बायका गाडग्यात बी राखायच्या. या वर्षी गाडग्यातलं सगळं पेरलं गेलं होतं आणि रानात जळालं होतं. तिळाचं बी एकरी किलोभर पुरतं. मास्तरांचा हा एक तुकडा हाताशी आला, तर पुढच्या वर्षी अख्खं गाव पेरून निघणार होतं. नाही आला, तर गावाचा तीळ संपला.

म्हणून आमच्या समितीने तिथे बोर्ड लावला होता, ‘तीळ बीजोत्पादन प्लॉट’. बोर्ड लावणं हा आमचा मुख्य धंदा. उगवणं हे पिकाचं खातं.

प्लॉटवर गेलो आणि मी मटकन बांधावर बसलो. लांबून पाहिलं तर रान हिरवंगार. आजूबाजूला सगळं तांबूस, करपलेलं, आणि मध्ये हा हिरवा चौकोन. जवळ जाऊन पाहिलं तर त्यातलं निम्म्याहून जास्त रान तसलं, पानांचे गोंडे मिरवणारं. रोगट झाडं निरोगी झाडांपेक्षा जास्त हिरवी होती. बी धरायचं काम नाही, मग खायचं-प्यायचं आणि फुगायचं. काही माणसं सरकारी नोकरीत अशी दिसतात.

या रोगाला पर्णगुच्छ म्हणतात. मी तो कॉलेजात पुस्तकात पाहिला होता, एखाददुसरं झाड रानातही पाहिलं होतं. पण एखाददुसरंच. असं निम्मं शेत उलटलेलं मी पाहिलं नव्हतं, पुढे नोकरीत कधी पाहिलंही नाही.

हा रोग वाऱ्याने येत नाही, पाण्याने येत नाही. तो तुडतुडा आणतो. तुडतुडा म्हणजे तिळाएवढाच किडा, तपकिरी-हिरवट, हात लावायला गेलं की तिरका चालतो आणि टुणकन उडतो. त्याचं काम डासासारखं. आजारी झाडाचा रस प्यायचा, काही दिवस तो आजार पोटात मुरवायचा, आणि मग ज्या झाडावर बसेल त्याला द्यायचा. आज तुडतुडा चावला तर झाड लगेच काही बोलत नाही. फुलावर आलं की मग बोलतं. म्हणजे हे जे आज दिसत होतं, ते काही आठवड्यांपूर्वीच घडून गेलं होतं.

काही आठवड्यांपूर्वी मी इथे नव्हतो. आम्हा सगळ्यांना दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला धाडलं होतं, खडी फोडणाऱ्या माणसांची.

“मास्तर, मी नसताना इथे काय काय झालं?”

मास्तर काही बोलायच्या आत रत्नाबाई बोलली. रत्नाबाई म्हणजे गावातल्या बायकांच्या टोळीची मुकादम. तिचं स्वतःचं दोन एकर तिळाचं रान जळालं होतं, त्यामुळे या प्लॉटवर तिचा डोळा मालकापेक्षा जास्त.

“काय व्हनार? बांध भादरला की.”

“कोणी?”

“आमीच. तुमचे बीडीओ साहेब आलते. म्हनले, जिल्ह्याचे मोठे साहेब येनार हायेत, समदा बांध चकचकीत पाहिजे. आघाडा, कुर्डू, तरोटा, समदं उपटलं. दगडास्नी चुना लावला. मंग मोठे साहेब आलेच न्हाईत.”

“उपटताना किडे उडाले?”

“किडे?” तिने पदराने तोंड पुसलं, जणू ते अजून तिथे होते. “भाऊसाहेब, बोलाया तोंड उघडावं तर चार आत. धुरळ्यावानी उठले आन समदे तिळात गेले. आमी म्हनलं, गेली ब्याद.”

मी डोक्याला हात लावला. सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. पाऊस पडला असता तर शिवारभर गवत असतं, आणि तुडतुडे शिवारभर पांगले असते. जोराची सर त्यांना झोडपून खाली पाडते, पिल्लं मरतात. पण पाऊस नाही. कोरडं ऊन, उकाडा, हे हवामान तुडतुड्याला सासुरवाडीसारखं. अंड्यातून पिल्लू भराभर निघतं, पिल्लू भराभर वाढतं. शिवार करपलं तसे सगळ्या पंचक्रोशीचे तुडतुडे एका ठिकाणी गोळा झाले, जिथे हिरवं होतं तिथे. म्हणजे मास्तरांच्या पाटाच्या पाण्यावर पोसलेल्या बांधावर. तिथे ते सुखात नांदत होते. त्या तणातही रोगाची झाडं असणार. आणि आम्ही त्यांचं घर मोडून त्यांना शेजारच्या वाड्यात, म्हणजे तिळात, रीतसर राहायला पाठवलं. तेही तीळ कोवळा असताना. कोणी मुद्दाम ठरवून केलं असतं, तरी इतकं बिनचूक जमलं नसतं.

“मग आता?” मास्तरांनी विचारलं.

“रोगट झाड बरं होत नाही, मास्तर. ते काढायचं. नाहीतर त्याचा रस पिऊन तुडतुडे उरलेल्यात घालणार. जितके दिवस ठेवू तितकं जास्त जाईल.”

“म्हणजे निम्मा प्लॉट उपटायचा?”

“निम्मा वाचवायचा असेल तर.”

मास्तरांनी टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली.

तेवढ्यात बीडीओ साहेबांची, म्हणजे आमच्या गटविकास अधिकाऱ्यांची, जीप आली. उतरता उतरताच ते म्हणाले, “भापकर, बरं झालं सापडलात. मोठे साहेब तासाभरात येतायत. आज नक्की.” मग त्यांनी रानाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. “वा. काय हिरवं ठेवलंय.”

मी त्यांना बाजूला घेऊन झाड दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

“हे फूल आहे?”

“होतं.”

“भापकर,” ते हळू आवाजात म्हणाले, “साहेबांना हिरवं दाखवायचं. हिरव्याच्या आत काय आहे ते दाखवायचं नाही. साहेब गेल्यावर तुम्हाला काय करायचं ते करा.”

मोठे साहेब आले ते दोन जीप आणि एक फोटोग्राफर घेऊन. माणूस तसा वाईट नव्हता, पण दुष्काळाने दमलेला होता. रोज करपलेली रानं बघून बघून त्यांच्या डोळ्यांना हिरव्याची भूक लागली होती. बांधावर उभे राहिले आणि पाच मिनिटं नुसते बघत राहिले.

“याला म्हणतात शेती,” ते म्हणाले. “अख्खा जिल्हा जळाला आणि इथे हे उभं आहे. बीडीओ, याला हात लावू देऊ नका. पंधरा दिवसांत मुंबईची पाहणी मंडळी येणार आहे. त्यांना मी इथेच आणतो. तोवर एक झाड हलता कामा नये.”

“होय साहेब,” बीडीओ म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. रत्नाबाईनेही. पंधरा दिवसांत त्या रानात तिळाचं एक बोंड राहिलं नसतं.

आता साहेबाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं हे आमच्या खात्यात शिकवत नाहीत. पण मी माझ्या आजोबांचा नातू.

“साहेब,” मी म्हणालो, “मुंबईची मंडळी फार चिकित्सक असतात म्हणे. बोंड हातात घेऊन फोडून बघतात. त्यांच्यासाठी एखादं नमुन्याचं झाड तुमच्याच हातानं निवडून ठेवता का?”

बीडीओंनी माझ्या बुटावर बूट ठेवला. वजन चांगलं होतं त्यांचं.

साहेब खूश झाले. आत शिरले. चार झाडं नापसंत केली आणि पाचवं धरलं, सगळ्यांत उंच, सगळ्यांत दाट, सगळ्यांत हिरवं. फोटोग्राफर सरसावला. साहेबांनी झुपका उघडला. आत पान. ते पान उघडलं. आत पान. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि दुसरा झुपका धरला. मग तिसरा. कोबी सोलावा तसा माणूस पानामागून पान उघडत आत शिरत चालला होता. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला.

“बोंडं कुठे आहेत?”

सगळे माझ्याकडे बघू लागले.

“भापकर. बोंडं.”

“नाहीत, साहेब. या झाडाला येणारही नाहीत.”

“आणि हे शेजारचं?”

“त्यालाही नाहीत.”

“पलीकडचं?”

मी मान हलवली. साहेब जिथे उभे होते तिथेच गोल फिरले आणि सगळ्या रानाकडे नव्याने बघितलं. तीच हिरवी झाडं. पण आता त्यांचा चेहरा असा झाला, जणू लग्नात नवरदेवाच्या मुंडावळ्या सारल्यावर भलताच माणूस निघावा. त्यांच्या कपाळावरचा घाम मी पाहिला आणि मला, खरं सांगतो, चेष्टा करावीशी वाटेना.

“हा रोग आहे?” ते म्हणाले. “कुठून आला?”

“हवामान, साहेब,” बीडीओ घाईने म्हणाले. “यंदा हवामानच तसं—”

“खरं आहे,” मी म्हणालो. “पाऊस नाही, म्हणून तुडतुडे वाढले. शिवार वाळलं, म्हणून सगळे इथे बांधावर जमले. मग बांधावरचं हिरवं गेलं, म्हणून ते तिळात उतरले.”

“बांधावरचं हिरवं कुठे गेलं?”

बीडीओ जीपच्या टायरमधली हवा डोळ्यांनी मोजू लागले. मी खाकरलो. पण मास्तरांनी आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारले होते, त्यांना उत्तर न देता उभं राहणं जमत नसे.

“तुमच्या स्वागताला काढलं, साहेब,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्ही त्या दिवशी आला नाहीत.”

बीडीओंनी टायर सोडून डोळे मिटून घेतले.

साहेब रागावतील, असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी बाह्या वर केल्या. “उपटा,” ते म्हणाले. “सगळी रोगट झाडं. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर. ड्रायव्हर, तूही ये.” आणि वाकून त्यांनी झाडाला हात घातला.

मी त्यांचं मनगट धरलं.

वर्ग तीनच्या माणसाने जिल्ह्याच्या साहेबाचं मनगट धरलेलं पाहून बीडीओंचा रंग त्या चुन्याच्या दगडांसारखा झाला. साहेबही माझ्या हाताकडे बघत राहिले.

“आता नको, साहेब. हे बघा.” मी दुसऱ्या हाताने झाडाला नुसती टिचकी मारली. मूठभर तुडतुडे उडाले. काही साहेबांच्या शर्टावर बसले, बाकीचे शेजारच्या निरोगी झाडांवर. “ऊन तापलं की हे असे उडतात. आता झाडं उपटली की सगळे उरलेल्या निम्म्यात जाणार. बांध भादरला तेव्हा हेच झालं. पहाटे गारव्याला ते जागचे हलत नाहीत, अंगावर दंव असतं. तेव्हा झाडावर पोतं घालायचं, पोत्यासकट उपटायचं, तोंड आवळायचं आणि लांब नेऊन जाळायचं.”

“मग उद्या पहाटे करा.”

“उद्या रविवार आहे,” मास्तर म्हणाले.

साहेबांना कळलं नाही. मला कळलं. मास्तर मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले. रविवारी त्यांच्या विहिरीवरची मोट चालत नसे. बैलांना ते वार कळत होते असं लोक म्हणायचे. शनिवारी संध्याकाळी जू काढलं की बैल आपणहून गोठ्यात जाऊन आडवे व्हायचे. अर्धं गाव ख्रिस्ती, त्यांच्याकडे तोच नेम.

“तर मग सोमवारी,” साहेब म्हणाले.

“सोमवारी फटफटायला समदी खडीवर जात्यात,” रत्नाबाई म्हणाली. “सुट्टी फकस्त रविवारची. आमी हिंदूच्या बाया येऊ की. पन धा-बारा जनींनी एवढं रान ऊन व्हायच्या आत व्हनार न्हाई. मास्तर, तुमची मान्सं पाहिजेत.”

सगळे मास्तरांकडे बघत होते. ते तिळाकडे बघत होते. निरोगी झाडांवर खालच्या बाजूला बोंडं धरली होती, चार धारांची, हिरवी, अजून मऊ.

“चर्चच्या पाळकसाहेबांना विचारा ना,” बीडीओ म्हणाले.

“विचारलं आणि ते नाही म्हणाले तर?” मास्तर म्हणाले. “उपासना आठला असते. दंव साडेसहाला जातं. मी त्यांना सोमवारी विचारीन.”

सापडली का अशी अक्कल कुठल्या कॉलेजात? मी तेव्हाच ठरवलं की यांच्याशी वाद घालायचा नाही.

साहेबांनी पोत्यांचं कबूल केलं. दुष्काळी धान्याची रिकामी बारदानं गोदामात पडून होती. आणि रविवारी पहाटे, शुक्राची चांदणी असताना, ती बारदानं घेऊन साहेब स्वतःच आले. गोदामवाला सहीशिवाय ड्रायव्हरला एकही पोतं देईना, म्हणून.

रानात शंभरेक माणसं असतील. मी पुढे सांगताना हजार सांगत आलो. ख्रिस्ती बायका चर्चला जायच्या पांढऱ्या लुगड्यांत आल्या होत्या, कारण घरी जाऊन बदलायला वेळ नव्हता. मी जोड्या लावल्या. एकाने पोतं घालायचं, दुसऱ्याने उपटायचं. हलवायचं नाही, झटकायचं नाही. झुपका नसलेल्या झाडाला हात लावायचा नाही. मास्तर सरीतून फिरत होते, आणि कोणी बोलायला लागलं की वर्गात बघावं तसं बघत होते.

“वो साहेब,” रत्नाबाई मोठ्या साहेबांना म्हणाली, “ते चांगलं झाड हाय. सोडा.”

साहेबांनी सोडलं. “चुकलं, बाई.”

“हुतं असं. नवीन मान्साचं.”

उजाडलं तेव्हा सगळ्यांनी पाठ सरळ केली आणि रानाकडे पाहिलं. एका म्हातारीने कपाळ बडवून घेतलं. काल जिथे हिरवी भिंत होती तिथे आता विरळ, पिवळसर, गरीब दिसणारी झाडं तुरळक उभी होती. एक तृतीयांश राहिली असतील. मी तोंडाने कितीही सांगितलं असलं, तरी आपण आपल्याच हाताने उभं पीक काढलं आहे, हे डोळ्यांना पटत नव्हतं.

“हेच खरं पीक हुतं,” रत्नाबाई कोणालातरी म्हणाली. “बाकी नुसती शोभा हुती.”

तिळाच्या पाल्याला चिकट बुळबुळीत रस असतो. पूर्वी बायका त्याने केस धुवायच्या. तो सगळ्यांच्या हाताला लागलेला, आणि पोती लांब नेऊन जाळेपर्यंत आठ वाजत आले. विहिरीवर धुवायला वेळ नाही, घंटा झाली. त्या दिवशी चर्चमध्ये गीतांच्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटली आणि अर्धी मंडळी एक गीत तर अर्धी दुसरंच गीत म्हणत होती, असं मला हजर असलेल्यांनी सांगितलं. मी त्यात फक्त थोडीशी भर घातली आहे. पाळकसाहेब सगळ्यांच्या हिरव्या हातांकडे बघत होते. सोमवारपर्यंत थांबायची गरज पडली नाही. त्यांनी बाहेर पडताना मास्तरांना एवढंच विचारलं, “वाचला का तीळ?”

“अजून सांगता येत नाही,” मास्तर म्हणाले.

खरोखरच सांगता येत नव्हतं. पुढे रोज पहाटे मास्तर आणि रत्नाबाई रानात फिरायचे आणि नवी झुपक्याची झाडं पोत्यात घालून काढायचे. आधी रोज पुष्कळ निघायची. मग एक दिवस एक जोराची सर आली. पिकाला तिचा उपयोग नव्हता, वेळ निघून गेली होती. पण तिने तुडतुडे झोडपून चिखलात घातले. त्यानंतर रोगाची झाडं बोटावर मोजण्याइतकीच निघाली, आणि शेवटी निघायची थांबली.

तीळ कापून पेंढ्या उभ्या केल्या, बोंडं तडकली, चादरीवर पेंढ्या उलट्या करून झटकल्या. पांढरं, टपोरं बी पडलं. आम्हाला हवं होतं त्याच्या चौथाईसुद्धा नाही. मास्तरांनी घराघराला मापटं भरून दिलं, स्वतःलाही तेवढंच ठेवलं. त्या संक्रांतीला गावात कोणी तिळगूळ केला नाही. शेंगदाणे आणि गूळ वाटला, आणि गोड बोला म्हणायच्या ऐवजी बायका एकमेकींना विचारत होत्या, “गाडगं नीट झाकलंय ना?”

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. गावात तीळ पेरला गेला, उगवला, फुलला. फुलं पांढरी-जांभळट.

जिल्ह्याहून मात्र एक परिपत्रक आलं. साहेबांनी अनुभवातून शिकून काढलेलं, सद्हेतूने. तिळाच्या प्लॉटचे बांध कोणीही, कोणत्याही कारणाने साफ करू नयेत. आता त्या वर्षी पाऊस भरपूर, तुडतुडे नावाला, शिवारभर गवत. म्हणजे बांधावरचं तण लवकर, कोवळं असताना काढून टाकायचं तर हीच वेळ. रत्नाबाई खुरपं घेऊन आली, तर ग्रामसेवक परिपत्रक घेऊन उभा.

“अरे, पाऊस पडतोय,” मी त्याला म्हणालो.

“परिपत्रकात पावसाचं काही लिहिलेलं नाही,” तो म्हणाला.

तण कमरेला लागलं. शेवटी मास्तरांनी सगळा बांध कापून घेतला आणि जनावरांचा चारा म्हणून दाखवला, कारण चारा कापायला मनाई नव्हती.

बांधाला हात लावायचा की नाही, हे हवा बघून ठरवावं. ऑफिसला विचारू नये. ऑफिसचं छप्पर गळायला लागल्याशिवाय तिथे पाऊस पडल्याचं कोणी मान्य करत नाही.